माणशी एक गुंठा, पण कोणाचा?

जुलै २०२५ मध्ये एक बातमी सगळीकडे झळकली: भारताच्या वीजनिर्मिती क्षमतेपैकी निम्मी क्षमता आता बिगर-जीवाश्म स्रोतांची. आकडे खरे होते. ३० जून २०२५ रोजी देशाची एकूण स्थापित क्षमता सुमारे ४८५ गिगावॅट होती आणि त्यातली सुमारे २४३ गिगावॅट सौर, पवन, जल, अणू वगैरेंची. त्याच काळात प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळशाचा वाटा मात्र ७० टक्क्यांच्या वर होता. आणि त्याआधीच्या आर्थिक वर्षात आपण पहिल्यांदाच १०० कोटी टनांहून जास्त कोळसा खणून काढला होता.

यात कोणी खोटं बोललेलं नाही. सौर पॅनेल दिवसाचे मोजके तास चालतं, कोळशाचा संच रात्रंदिवस चालू शकतो. त्यामुळे एका मेगावॅट सौर क्षमतेतून वर्षाला जेवढी वीज मिळते त्याच्या तिप्पट किंवा जास्त वीज एक मेगावॅट कोळसा देतो. क्षमता म्हणजे भांड्याचा आकार. त्या भांड्यात किती शिजलं, हा वेगळा प्रश्न.

अशा बातम्या वाचायला शिकवणारं एक पुस्तक आहे आणि आज त्याच्याबद्दल लिहायचं आहे. डेव्हिड मॅकाय यांचं ‘सस्टेनेबल एनर्जी – विदाउट द हॉट एअर’. २००८ साली आलेलं हे पुस्तक इंटरनेटवर पहिल्यापासून फुकट वाचता येतं. ‘हॉट एअर’ म्हणजे आपल्याकडच्या हवेतल्या गप्पा. ऊर्जेवर काम करणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या हातात हे पुस्तक कधी ना कधी येतं, आणि येताना बऱ्याचदा ‘यात सगळं आहे’ अशा शिफारशीसह येतं. मला त्या शिफारशीबद्दलच बोलायचं आहे. पुस्तक उत्तम आहे, पण यात सगळं नाही. आणि जे नाही, नेमकं त्यावरच भारतातलं ऊर्जेचं स्थित्यंतर अडतं किंवा सुटतं.

युनिटची कमाल

मॅकाय केंब्रिजचे भौतिकशास्त्रज्ञ. मूळ काम माहितीसिद्धान्तातलं. पुस्तक आल्यानंतर २००९ ते २०१४ ते ब्रिटनच्या ऊर्जा आणि हवामानबदल खात्याचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार होते. २०१६ मध्ये, वयाची ४९ वर्षं पुरी व्हायच्या आतच, कर्करोगाने त्यांचं निधन झालं.

त्यांची मुख्य युक्ती अगदी साधी आहे. ऊर्जेच्या चर्चेत टन, बॅरल, टेरावॅट, घनमीटर असे सगळे एकक एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून कोणालाच काही कळत नाही. मॅकाय सगळं एकाच मापात आणतात: माणशी दररोज किती किलोवॅट-तास. आपल्याला हे माप नवीन नाही. वीजबिलावरचं ‘एक युनिट’ म्हणजेच एक किलोवॅट-तास. पुढे मी युनिट हाच शब्द वापरते.

मग ते दोन थर रचतात. लाल थरात खर्च: गाडी, विमान, घर गरम ठेवणं, दिवे, अन्न, वस्तू. हिरव्या थरात अक्षय स्रोतांमधून मिळू शकणारी ऊर्जा: वारा, सूर्य, लाटा, भरती. एकेका प्रकरणात एकेक ठोकळा चढत जातो. रोज ५० किलोमीटर गाडी चालवणारा माणूस दिवसाला ४० युनिट जाळतो. वर्षातून एकदा विमानाने लांबचा परदेश प्रवास करून परत आलात, तर वर्षभरात वाटून तो खर्च रोजचा ३० युनिट होतो. सुखवस्तू ब्रिटिश माणसाचा लाल थर शेवटी १९५ युनिटपर्यंत जातो. देशाची तेव्हाची खरी सरासरी १२५.

या रचनेमुळे मोठं काय आणि छोटं काय हे लगेच दिसतं. तेव्हा ब्रिटनमध्ये मोबाइलचा चार्जर भिंतीतून काढून ठेवा असा प्रचार चालू होता. मॅकाय हिशेब करून दाखवतात की दिवसभर चार्जर काढून ठेवून जेवढी ऊर्जा वाचते तेवढी गाडी चालवताना एका सेकंदात खर्च होते. सगळ्यांनी थोडं थोडं केलं तर एकूण बचतही थोडीच होणार, हा त्यांचा मुद्दा आजही अनेक जाहिरातींवर चिकटवावा असा आहे.

दुसरी चांगली गोष्ट म्हणजे ते कुठल्याही एका स्रोताचे वकील होत नाहीत. शेवटाकडे ते पाच वेगवेगळे आराखडे देतात. कुणाला अणुऊर्जा नको, कुणाला पवनचक्क्या नकोत, कुणाला फक्त स्वस्त हवं. प्रत्येकाच्या आवडीचा आराखडा आहे, अट एकच की बेरीज जुळली पाहिजे. वाचकाला मत देण्याऐवजी कॅल्क्युलेटर देणारी पुस्तकं फार थोडी असतात.

हाच हिशेब आपल्या घरात

पद्धत चांगली आहे की नाही हे बघायचा मार्ग एकच, ती स्वतःवर वापरायची. तालुक्याच्या गावातलं चार माणसांचं घर धरू. महिन्याला १०० युनिट वीज, म्हणजे माणशी रोज सुमारे ०.८ युनिट. गॅसची टाकी १४.२ किलोची. त्यात साधारण १८० युनिट उष्णता असते. टाकी दीड महिना पुरली तर माणशी रोज १ युनिट. घरात एक मोटरसायकल, रोज २० किलोमीटर, लिटरला ५० चा ॲव्हरेज. पेट्रोलच्या लिटरमध्ये साधारण १० युनिट धरले तर घराचे रोजचे ४ युनिट, म्हणजे माणशी पुन्हा १. बेरीज तीनच्याही आत.

भारताची सरासरी मात्र माणशी रोज २० युनिटच्या आसपास आहे, आणि त्यात चुलीतलं सरपण धरलेलंच नाही. मग उरलेले १७ युनिट कुठे गेले?

एक मोठा भाग वीजकेंद्रांतच जातो. २०२३-२४ मध्ये देशाचा दरडोई वीजवापर वर्षाला १,३९५ युनिट होता, म्हणजे रोज ३.८. त्यातली पाऊण वीज कोळशाची. कोळशातल्या तीन युनिट उष्णतेतून साधारण एक युनिट वीज मिळते, बाकी दोन युनिट धुराड्यातून आणि शीतकरण मनोऱ्यांतून हवेत जातात. याचा अर्थ आपल्या वीस युनिटपैकी पाच-साडेपाच युनिट कोणाच्याही उपयोगी न पडता वातावरण तापवतात. उरलेले पोलाद, सिमेंट, युरिया, मालवाहू ट्रक, रेल्वे, कारखाने यांत आहेत. शिवाय सरासरी ही सरासरीच असते. पुण्यातलं दोन गाड्या आणि तीन एसी असलेलं घर आणि मेळघाटातलं घर एकत्र करून ती निघालेली असते.

यातून दोन गोष्टी समजतात. एक, घरगुती काटकसरीवर भर देणारा प्रचार आपल्याकडे ब्रिटनपेक्षाही जास्त फसवा आहे, कारण साध्या घराचा वाटा मुळातच छोटा आहे. दोन, जीवाश्म इंधनाचे २० युनिट घालवायला स्वच्छ ऊर्जेचे २० युनिट लागत नाहीत. सौर विजेत ती धुराड्यातली गळती नसते. मॅकाय हे दुसऱ्या मार्गाने सांगतात: वाहनं आणि घरांचं गरम करणं विजेवर आणलं की एकूण गरजच खूप खाली येते. ‘एवढी ऊर्जा अक्षय स्रोतांतून येणार कुठून?’ असं विचारणारे लोक बहुतेक वेळा गळतीसकट आकडा धरून विचारत असतात.

आता जमीन. मॅकाय यांना सगळ्यात जास्त काळजी जागेची, कारण वारा आणि सूर्य पसरट आहेत. ब्रिटनमध्ये माणशी सुमारे ४,००० चौरस मीटर जमीन येते. आपल्या भाषेत ४० गुंठे, म्हणजे बरोबर एक एकर. भारतात १४३ कोटी लोकांत क्षेत्रफळ वाटलं तर माणशी सुमारे २,३०० चौरस मीटर येतात, म्हणजे २३ गुंठे. पण आपल्याकडे ऊन जास्त. ब्रिटनच्या सौर शेतांसाठी मॅकाय चौरस मीटरला वर्षभराची सरासरी ५ वॅट धरतात. राजस्थानातल्या भडला सौर प्रकल्पाची क्षमता २,२४५ मेगावॅट आणि क्षेत्र सुमारे १४,००० एकर. रात्र, ढग, धूळ धरून पॅनेलं क्षमतेच्या वीस-बावीस टक्के चालतात असं मानलं तर चौरस मीटरला ८ ते ९ वॅट येतात.

८ धरू. दिवसाला २० युनिट म्हणजे सरासरी ८३३ वॅट. भागाकार केला की १०४ चौरस मीटर. माणशी एक गुंठा!

गळती वजा न करता, आज आपण वापरतो ती सगळी व्यापारी ऊर्जा सूर्यातून घ्यायची म्हटली तरी २३ गुंठ्यांतला एक गुंठा. गरज वाढून तिप्पट झाली तरी तीन गुंठे. फक्त आजची वीज घ्यायची तर २० चौरस मीटर, म्हणजे दोनशे-सव्वादोनशे चौरस फुटांची एक खोली. भौतिकशास्त्राकडून परवानगी आहे. इथपर्यंत मॅकाय यांची पद्धत आपल्याला विश्वासाने आणून सोडते.

किंमत: हिशेबाबाहेर ठेवलेला पाहुणा

पुस्तकाचं काय जुनं झालं, तर किंमत. मॅकाय मुद्दाम पैशाचा हिशेब बाजूला ठेवतात. त्यांचं म्हणणं, किमती बदलतात, भौतिक मर्यादा बदलत नाहीत, म्हणून आधी मर्यादा बघू. तत्त्व म्हणून हे पटतं. पण दारातून बाहेर काढलेला हा पाहुणा खिडकीतून आत आलाच. कुठला पर्याय ‘शक्य पण अवास्तव’ हे ठरवताना २००८ च्या किमती त्यांच्या मनात होत्याच.

सौर शेतांचं प्रकरण बघा. ब्रिटनचा ५ टक्के भाग पॅनेलांनी झाकला तर माणशी ५० युनिट मिळतील असं गणित करून ते लगेच सांगतात की त्यासाठी तेव्हा जगात असलेल्या एकूण पॅनेलांच्या शंभरपटीहून जास्त पॅनेलं लागतील. वाचकाने ‘बापरे’ म्हणावं अशीच ती मांडणी आहे. २०२२ मध्ये जगाची एकूण सौर क्षमता १,००० गिगावॅटच्या पुढे गेली. ती शंभरपट चौदा-पंधरा वर्षांत ओलांडली गेली. आपल्याकडे २०१० च्या सुमारास सौर विजेचे दर युनिटला दहा रुपयांच्या वर होते. २०१७ मध्ये भडलाच्या लिलावात २ रुपये ४४ पैशांची बोली आली. लिथियम-आयन बॅटऱ्यांच्या किमतीही २०१० पासून साधारण ९० टक्क्यांनी उतरल्या.

हे भविष्य त्यांना दिसायला हवं होतं, असं माझं म्हणणं नाही. तेव्हा बहुतेकांना दिसलं नव्हतं. माझा आक्षेप मर्यादित आहे. जागेची मर्यादा निसर्गाची असते, महागाईची मर्यादा माणसांची आणि धोरणांची, आणि पुस्तक या दोन्ही एकाच सुरात वाचकाच्या मनात बसवतं. २०१६ च्या शेवटच्या मुलाखतीतही, केवळ वारा आणि सूर्य यांच्यावर ब्रिटन चालेल ही कल्पना त्यांनी ठामपणे फेटाळली होती. हिवाळ्यातल्या ब्रिटनबद्दल ते बरोबर असतीलही. पण अशी वाक्यं मूळ संदर्भ सोडून प्रवास करतात आणि उन्हाच्या देशात कोळशाच्या बाजूने वापरली जातात.

सरासरीत संध्याकाळ नसते

आता मुख्य आक्षेपांकडे. ‘माणशी दररोज’ या मापात पूर्ण दिवस एकाच भांड्यात ओतला जातो. दुपारचं युनिट आणि रात्री आठचं युनिट सारखंच. मॅकाय यांना हे माहीत आहे. चढउतार आणि साठवण यावर त्यांचं स्वतंत्र प्रकरण आहे, आणि वेल्समधल्या डिनॉर्विगच्या उदंचन प्रकल्पाचं त्यातलं वर्णन सुरेख आहे. तरीही पुस्तक मिटल्यावर मनात राहतात ते दोन थर, आणि त्या थरांमध्ये घड्याळ नाही.

उदंचन म्हणजे जास्तीच्या विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करायची. महाराष्ट्रात घाटघरला असा २५० मेगावॅटचा प्रकल्प २००८ पासून आहे. तो सहा तास पूर्ण क्षमतेने चालला तर १५ लाख युनिट देईल. ऐकायला भरपूर. राज्याच्या साडेबारा कोटी लोकांत वाटलं तर माणशी ०.०१२ युनिट, म्हणजे १२ वॅटचा एक एलईडी दिवा एक तास.

तुलनेला उन्हाळ्यातली संध्याकाळ घेऊ. राज्याची मागणी २५,००० मेगावॅट धरली आणि सूर्य मावळल्यानंतरचे चार तास घेतले, तर १० कोटी युनिट लागतात. सुमारे पासष्ट घाटघर. कोयना संध्याकाळी मोठा आधार देते. तिथले १,९६० मेगावॅट चार तास चालले तर ७८ लाख युनिट. पण कोयनेचं पश्चिमेकडे सोडायचं पाणी कृष्णा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसीवर बांधलेलं आहे, त्यामुळे ही तिजोरी हवी तेव्हा हवी तितकी उघडता येत नाही. मी स्वतः बॅटरीच्या पदार्थांवर काम करते, म्हणून ‘बॅटरी येईल आणि सुटेल’ असं म्हणायचा मोह मला होतो. बॅटऱ्या येतायतच. पण दहा कोटी युनिट हा आकडा समोर ठेवूनच तसं म्हणावं.

घड्याळ हिशेबात आणलं की फक्त अडचणीच दिसतात असं नाही. एक मोठी संधीही दिसते, आणि ती मॅकाय यांच्या ब्रिटनमध्ये नव्हती. ती म्हणजे शेतीपंप. पाच अश्वशक्तीचा पंप आठ तास चालला तर सुमारे ३० युनिट घेतो, म्हणजे महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराची नऊ दिवसांची वीज. आणि पिकाला पाणी रात्रीच पाहिजे असं काही नसतं. रात्री पाणी द्यावं लागतं ते वीज पाळीने येते म्हणून. साप, विंचू, बिबट्या यांच्या भीतीत, थंडीत, बॅटरी हातात घेऊन बारे देणं हा ग्रामीण महाराष्ट्राचा रोजचा अनुभव आहे.

२०१७ मध्ये सुरू झालेली आणि २०२३ मध्ये ‘२.०’ म्हणून वाढवलेली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना नेमकी इथे हात घालते. उपकेंद्राजवळ छोटे सौर प्रकल्प आणि त्यांची वीज दिवसा शेतीच्या वाहिनीला. सूर्याच्या वेळेला मागणी सरकवली की तेवढी वीज साठवावीच लागत नाही. ‘माणशी दररोज’च्या हिशेबात ही योजना म्हणजे एका युनिटच्या जागी दुसरं युनिट, फरक शून्य. शेतकऱ्याच्या आणि ग्रिडच्या दृष्टीने फरक रात्र आणि दिवसाइतका. (दिवसा आणि फुकट वीज मिळाली की भूजल किती उपसलं जाईल, हा प्रश्न मात्र खरा आहे. त्यावर वेगळं लिहावं लागेल.)

सरासरीला पत्ता नसतो

दुसरा आक्षेप मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पुस्तकाच्या मध्यावर मॅकाय एक गंमत करतात. कष्टाने रचलेला हिरवा थर ते जनमताच्या सुनावणीला पाठवतात. माझ्या पक्ष्यांजवळ नको, माझ्या रडारजवळ नको, दऱ्याखोऱ्यांचं सौंदर्य बिघडेल, असे आक्षेप येत जातात आणि १८० च्या घरातला थर १८ युनिटवर येतो. वाचताना हसू येतं. ‘सगळ्याला नाही म्हणाल तर काहीच उरणार नाही’ हा इशारा योग्यच आहे.

पण या विनोदात प्रत्येक आक्षेप म्हणजे कुणाची तरी आवडनिवड होऊन बसते. आपल्याकडचे आक्षेप बहुधा देखाव्याचे नसतात. जानेवारी २०१८ मध्ये धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या ८४ वर्षांच्या एका शेतकऱ्याने, वीजप्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीचा योग्य मोबदला मिळत नाही म्हणून मंत्रालयात विष घेतलं. काही दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्यांचा आक्षेप पवनचक्की सुंदर दिसते की नाही याबद्दल नव्हता.

‘माणशी एक गुंठा’ हा माझा वरचा हिशेब इथे उघडा पडतो. १४३ कोटी लोक आपापला एकेक गुंठा आणून देणार नाहीत. सगळे गुंठे काही ठरावीक गावांतून येणार: जिथे जमीन सलग आहे, स्वस्त आहे आणि मालकाचा आवाज लहान आहे. मॅकाय यांच्या पुस्तकात दुसऱ्या देशांच्या वाळवंटातून वीज आणण्याचंही प्रकरण आहे. आपल्याकडे ते वाळवंट देशातच आहे आणि ते रिकामं नाही. तिथे चराऊ कुरणं आहेत, राखलेली ओरणं आहेत आणि शेवटचे माळढोक आहेत, ज्यांच्यासाठी विजेच्या तारांचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला.

जमीन कशी घेतली यावर आक्षेप असेल की नाही हे बरंच ठरतं. सौर कृषी वाहिनी योजनेत खासगी जमीन विकत न घेता भाड्याने घेतली जाते. हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये, दर वर्षी ३ टक्के वाढ. मालकी शेतकऱ्याकडेच राहते. भाडं पुरेसं आहे का, कूळ म्हणून किंवा मजुरीने त्या जमिनीवर राबणाऱ्याला काय मिळतं, हे प्रश्न उरतातच. पण तेवढेच गुंठे, तेवढीच पॅनेलं आणि तरी वेगळा करार, एवढ्यानेच एका गावात विरोध आणि दुसऱ्या गावात होकार मिळू शकतो. हिरव्या थराची उंची वॅट प्रति चौरस मीटरवर जितकी ठरते तितकीच या करारावर ठरते. पुस्तकात त्यासाठी ठोकळाच नाही.

कोळशाचंही तसंच. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट. तिथून ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटर लांबीची, १,५०० मेगावॅट वाहून नेणारी उच्चदाब एकदिश वाहिनी आहे. वीज त्या तारेतून मुंबईच्या दिशेला येते. राख, धूर आणि खाणीचे खड्डे तारेतून येत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००९ च्या निर्देशांकात चंद्रपूर देशातल्या अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांच्या यादीत अगदी वर होतं. सरासरीत मात्र चंद्रपूरचा माणूस आणि मुंबईचा माणूस एकच.

पाण्याचं तेच. जुन्या औष्णिक केंद्रांसाठी २०१५ मध्ये घातलेली मर्यादा युनिटमागे साडेतीन लिटर पाण्याची आहे. ब्रिटनमध्ये हा रकाना नसला तरी चालतं. बीड जिल्ह्यात चालत नाही. २०१३ च्या दुष्काळात परळीचं केंद्र पाण्याअभावी बंद ठेवावं लागलं होतं. सौर पॅनेलं धुवायला पाणी लागतं, पण त्या मानाने फारच कमी. मराठवाड्यात कोळसा सोडण्याचं सगळ्यात तातडीचं कारण कार्बनच्या आधी पाणी असू शकतं, हे लाल-हिरव्या थरांत कधीच दिसणार नाही.

मॅकाय यांना हे सगळं वगळता कसं आलं? माझ्या मते त्याचं उत्तर ब्रिटनच्या इतिहासात आहे. ३० सप्टेंबर २०२४ रोजी रॅटक्लिफ-ऑन-सोर हे ब्रिटनचं शेवटचं कोळसा वीजकेंद्र बंद झालं. १८८२ मध्ये लंडनच्या होलबर्न व्हायाडक्टला सुरू झालेला प्रवास १४२ वर्षांनी संपला. त्याचं जगभर कौतुक झालं आणि ते योग्यच आहे. पण ब्रिटनच्या खाणकामगारांनी आपली किंमत त्याच्या कितीतरी आधी मोजली होती. १९८४-८५ चा संप हरला, खाणी एकामागून एक मिटल्या, गावंच्या गावं बेकार झाली. शेवटची खोल खाण, केलिंग्ली, २०१५ मध्ये बंद झाली. २००८ मध्ये पुस्तक आलं तोवर कोळसा हा ब्रिटनसाठी मुख्यतः आकडा उरला होता. माणसांचं प्रकरण आधीच, आणि वाईट पद्धतीने, लिहून झालं होतं.

आपलं ते प्रकरण अजून कोरं आहे. बल्लारपूर, वणी, घुग्घुस, उमरेड इथली कुटुंबं, दुकानं, शाळा, कंत्राटी ट्रकचालक, सगळे कोळशावर उभे आहेत. इथलं एक युनिट बंद होऊन सोलापुरात किंवा राजस्थानात एक युनिट सुरू झालं की मॅकाय यांची बेरीज जुळते. वणीची जुळत नाही.

मग हे पुस्तक वाचायचं का?

जरूर वाचा, आणि कॅल्क्युलेटर घेऊन वाचा. विज्ञानाच्या पदवीच्या विद्यार्थ्यांना मी पहिली वीस प्रकरणं सरळ वाचायला सांगेन. विमान, गाडी आणि वस्तू यांवरची प्रकरणं तर अशी आहेत की नंतर कुठलीही ‘हरित’ जाहिरात आपण पूर्वीसारखी बघू शकत नाही. मागची तांत्रिक प्रकरणंही सोडू नका. पवनचक्की आणि विमान यांचं गणित पाठीवरच्या पाकिटावर कसं मांडावं, हे इतकं स्वच्छ दुसरीकडे सापडत नाही.

फक्त हे पुस्तक म्हणजे परवानगीचा कागद आहे हे लक्षात ठेवा. निसर्ग आपल्याला कोळशाशिवाय जगू देईल का, याचं उत्तर ते देतं आणि भारतासाठी ते उत्तर ब्रिटनपेक्षा जास्त आशादायक निघतं. घर बांधायला परवानगी लागतेच, पण परवानगी म्हणजे घर नव्हे. पुढचं ठरतं ते घड्याळावर आणि पत्त्यावर.

म्हणून एक अभ्यास सुचवते. तुमच्या जिल्ह्याचा लाल आणि हिरवा थर काढा. वीजबिल, पेट्रोल पंप, गॅस एजन्सी, जवळचा कारखाना यांवरून ढोबळ आकडे मिळतात. मग प्रत्येक हिरव्या ठोकळ्यावर दोन गोष्टी लिहा: ही वीज किती वाजता मिळणार आणि ती कोणत्या गावच्या जमिनीवर, कोणत्या कराराने तयार होणार. लाल थरातल्या कोळशाच्या ठोकळ्यावरही दोन गोष्टी लिहा: तो कुठल्या खाणीतून येतो आणि तो थांबला तर तिथे कोणाचं काय थांबतं. करून बघितलंत तर खाली कॉमेंटमध्ये आकडे टाका. चंद्रपूर, बीड आणि धुळे इथल्या वाचकांच्या हिशेबांची मी विशेष वाट बघते आहे.